कोणी दिले, कोणाला दिले? : इंग्रजी वाक्यात जागेला मान



इंग्रजी अवघड का वाटते, असे विचारले की बहुतेक मुले एकच उत्तर देतात, "शब्दच येत नाहीत." शब्द कमी पडतात हे खरे आहे. पण पुष्कळदा असेही होते की, वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो आणि तरी अर्थ उलटा लागतो. असे का होते, याचे कारण नीट समजून घेतले तर अर्धी भीती तिथेच जाते. आज आपण तेवढी एकच गोष्ट पाहणार आहोत.

या लेखातील इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. आई, वडील, आजी यांपैकी ज्यांना मराठी वाचता येते त्यांनी ती मोठ्याने वाचावीत आणि मुलांनी वहीत इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्यावीत. म्हणजे घरात कोणाला इंग्रजी येत नसले तरी मुलांची शुद्धलेखनाची तयारी होईल.

बिल्ला आणि खुर्ची

पुढील तीन मराठी वाक्ये वाचा.

कंत्राटदाराने कामगारांना पैसे दिले.
कामगारांना कंत्राटदाराने पैसे दिले.
पैसे दिले कंत्राटदाराने कामगारांना.

शब्दांची जागा बदलली, पण अर्थ बदलला नाही. पैसे कंत्राटदाराच्याच खिशातून गेले आणि कामगारांच्याच हातात पडले. कारण 'कंत्राटदाराने' या शब्दाला 'ने' चिकटला आहे आणि 'कामगारांना' या शब्दाला 'ना' चिकटला आहे. मराठी शब्द असा आपला बिल्ला छातीवर लावून येतो. तो रांगेत कुठेही उभा राहिला तरी त्याचे काम काय हे आपल्याला कळते.

आता इंग्रजी पाहा.

द काँट्रॅक्टर पेड द वर्कर्स. म्हणजे कंत्राटदाराने कामगारांना पैसे दिले.
द वर्कर्स पेड द काँट्रॅक्टर. म्हणजे कामगारांनी कंत्राटदाराला पैसे दिले.

शब्द तेच आहेत, एकही कमी नाही की जास्त नाही. फक्त जागा बदलली आणि देणारा घेणारा झाला. इंग्रजी शब्दाच्या छातीवर 'ने' किंवा 'ला' असा बिल्ला नसतो. तिथे खुर्च्या ठरलेल्या असतात. पहिल्या खुर्चीवर बसतो तो कर्ता. दुसरी खुर्ची क्रियापदाची. तिसरीवर बसते ते कर्म. ज्या खुर्चीवर शब्द बसला, ते त्याचे काम.

मराठी माध्यमातला विद्यार्थी लहानपणापासून बिल्ले पाहून अर्थ लावायला शिकलेला असतो. इंग्रजी वाचतानाही त्याचे डोळे नकळत बिल्लाच शोधतात. तो सापडत नाही, मग तो अंदाजाने अर्थ लावतो. यात बुद्धीचा दोष नाही. पाहायचे कुठे, एवढेच कोणी सांगितलेले नसते.

जुने बिल्ले इंग्रजीत एका ठिकाणी मात्र शिल्लक आहेत, ते सर्वनामांत. आय-मी, ही-हिम, शी-हर, वुई-अस, दे-देम. यातला पहिला शब्द कर्त्याच्या खुर्चीचा आणि दुसरा कर्माच्या खुर्चीचा. 'ही कॉल्ड मी' म्हणजे त्याने मला हाक मारली. 'आय कॉल्ड हिम' म्हणजे मी त्याला हाक मारली. इथे आपल्या मुलांची एक गंमतीची अडचण होते. मराठीतला 'मी' कर्ता आहे, तर इंग्रजीतला 'मी' म्हणजे 'मला'. कान फसतो आणि लहान मुले 'मी गो' म्हणून जातात. ते 'आय गो' असायला हवे.

'मला'ची वाक्ये

मराठीत कितीतरी वाक्ये 'मला'ने सुरू होतात. इंग्रजीत जाताना त्यांतल्या बहुतेकांचा 'मला' हा 'आय' होऊन पहिल्या खुर्चीवर बसतो.

मला आंबे आवडतात. आय लाइक मँगोज.
मला इंग्रजी येते. आय नो इंग्लिश.
मला भूक लागली आहे. आय ॲम हंग्री.
मला ताप आला आहे. आय हॅव अ फीव्हर.
मला दोन बहिणी आहेत. आय हॅव टू सिस्टर्स.
मला घरी जायचे आहे. आय वाँट टू गो होम.
मला पत्र मिळाले. आय गॉट अ लेटर.

ही सात वाक्ये सात दिवस रोज म्हणा. मग 'मला'च्या जागी 'आम्हाला' घालून 'वुई'ने सुरू करा.

'ला' म्हणजे 'टू' असे पाठ करून ठेवल्यामुळेही चुका होतात. 'त्याने मला सांगितले' याचे 'ही टोल्ड टू मी' असे भाषांतर बरेच जण करतात. बरोबर वाक्य 'ही टोल्ड मी' असे आहे. कर्माच्या खुर्चीवर बसल्यामुळेच 'मी'ला 'ला' मिळाला, वेगळा 'टू' कशाला? 'आस्क' आणि 'हेल्प' यांचेही तसेच. 'आय आस्क्ड हर', 'शी हेल्प्ड अस'. 'सेड'ला मात्र 'टू' लागतो. 'ही सेड टू मी'.

आधी क्रियापद शोधा

मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. म्हणून आपण शेवटाकडे पाहतो. इंग्रजीत ते साधारणपणे कर्त्याच्या लगेच मागे, मधल्या खुर्चीवर असते. वाक्य कितीही लांब असो, आधी मधली खुर्ची शोधायची. ती सापडली की तिच्या डावीकडे कर्ता आणि उजवीकडे बाकीचे.

क्रियापद ओळखायला मदत करणारे काही शब्द आहेत. त्यांना सहायक क्रियापदे म्हणतात. ती तोंडपाठच हवीत.

ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन, बीइंग.
हॅव, हॅज, हॅड.
डू, डज, डिड.
विल, वुड, शॅल, शुड, कॅन, कुड, मे, माइट, मस्ट.

वर्तमानपत्रातला कोणताही इंग्रजी परिच्छेद घ्या आणि पेन्सिलीने या शब्दांभोवती गोल काढा. गोल काढला तिथे किंवा त्याच्या आसपास क्रियापद सापडेल.

आता 'एस'बद्दल. ही, शी, इट किंवा एकाच माणसाचे नाव कर्ता असेल आणि साधा वर्तमानकाळ असेल, तर क्रियापदाला 'एस' लागतो. 'सुजाता वर्क्स इन अ फॅक्टरी.' प्रश्न विचारताना 'डज' पुढे येतो. 'डज सुजाता वर्क इन अ फॅक्टरी?' इथे 'वर्क्स' का नाही? कारण ही खूण वाक्यात एकदाच लावायची असते. ती 'डू'ने घेऊन 'डज' झाले, म्हणून 'वर्क' मोकळे झाले. भूतकाळातही हाच हिशोब. 'शी वेंट', पण 'डिड शी गो?' आणि 'शी डिड नॉट गो'. 'डिड'मध्ये भूतकाळ येऊन गेला, आता पुन्हा 'वेंट' लिहायचे नाही. एवढे सांभाळले तरी परीक्षेतल्या कितीतरी चुका टळतील.

प्रश्नात काय विचारले आहे?

उताऱ्याखाली दोन प्रश्न असे येऊ शकतात.

हू हेल्प्ड सुजाता?
हूम डिड सुजाता हेल्प?

पहिल्यात 'हू'च्या लगेच पुढे क्रियापद आहे. म्हणजे कर्त्याची खुर्ची रिकामी आहे, तीच भरायची. सुजाताला कोणी मदत केली? दुसऱ्यात 'डिड'च्या पुढे सुजाता बसली आहे. म्हणजे कर्ता दिलेलाच आहे. सुजाताने कोणाला मदत केली, हे लिहायचे. दोन्ही प्रश्नांत सुजाता दिसते म्हणून घाईघाईने एकच उत्तर लिहिले तर गुण जातात. हल्ली दुसऱ्या प्रश्नात 'हूम'च्या ऐवजी 'हू' लिहिण्याचीही रीत आहे. तेव्हा 'हू' पाहून उत्तर ठरवू नका, 'डिड' आहे की नाही ते पाहा.

खुर्च्यांची अदलाबदल

द वर्कर्स वेअर पेड बाय द काँट्रॅक्टर.

इथे पहिल्या खुर्चीवर कामगार आहेत. मग पैसे त्यांनी दिले का? नाही. 'वेअर' आणि 'पेड' जोडीने आले आहेत. 'ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन' यांपैकी एक शब्द आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप, अशी जोडी दिसली की पहिल्या खुर्चीवरचा माणूस काम करत नाही, त्याच्यावर काम होते. खरा करणारा 'बाय'च्या पुढे असतो. कधी कधी तो सांगितलेलाच नसतो. 'द वर्कर्स वेअर नॉट पेड' या वाक्यात कामगारांना पैसे मिळाले नाहीत एवढे कळते. कोणी दिले नाहीत, ते वाक्य सांगत नाही.

हा फरक शाळेपुरता नाही. कामाच्या ठिकाणी इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर आपण सही करतो तेव्हा कोणी कोणाला द्यायचे आहे, हे त्या मधल्या खुर्चीवरूनच कळते. 'द वर्कर विल पे' आणि 'द वर्कर विल बी पेड' यांत फरक एका 'बी'चा आणि एका अक्षराचा, पण एकात आपल्या खिशातून जातात आणि दुसऱ्यात आपल्याला मिळतात.

एक सूचना वाचूया

वसतिगृहाच्या फलकावर अशा स्वरूपाची सूचना लागते असे समजा.

स्टुडंट्स हू हॅव नॉट सबमिटेड द इन्कम सर्टिफिकेट विल नॉट बी ॲडमिटेड टू द हॉस्टेल. द फॉर्म मस्ट बी साइन्ड बाय द फादर ऑर द मदर. फॉर्म्स रिसीव्ह्ड आफ्टर थर्टी-फर्स्ट जुलाय विल बी रिजेक्टेड.

पहिले वाक्य लांब आहे. सहायक क्रियापदांना गोल करा. 'हॅव' आणि 'विल बी' असे दोन गट मिळतात. मग मुख्य क्रियापद कोणते? 'हू'पासून 'सर्टिफिकेट'पर्यंत कंस करा. 'हू, विच, दॅट' हे शब्द नामाच्या मागे आले की ते त्या नामाची जास्त माहिती देतात. मराठीत आपण 'ज्या विद्यार्थ्यांनी... त्यांना' असे म्हणतो तेच हे. कंसातले क्षणभर बाजूला ठेवले की उरते, 'स्टुडंट्स विल नॉट बी ॲडमिटेड टू द हॉस्टेल'. विद्यार्थ्यांना वसतिगृहात प्रवेश दिला जाणार नाही. कोणत्या विद्यार्थ्यांना? आता कंस उघडा. ज्यांनी उत्पन्नाचा दाखला सादर केलेला नाही, त्यांना.

दुसऱ्या वाक्यात 'मस्ट' आहे, म्हणजे सक्ती. 'बी साइन्ड' ही जोडी आहे, म्हणजे फॉर्मवर सही व्हायची आहे. कोणाची? 'बाय'च्या पुढे पाहा. वडिलांची किंवा आईची. विद्यार्थ्याने स्वतः सही करून फॉर्म दिला तर काम अडणार.

तिसऱ्या वाक्यात 'रिसीव्ह्ड' पाहून गोंधळ होतो. ते क्रियापदासारखे दिसते, पण त्याच्या आधी सहायक क्रियापद नाही आणि फॉर्म काही स्वतःहून कोणाकडून घेत नाहीत. 'रिसीव्ह्ड'पासून 'जुलाय'पर्यंत कंस करा. '३१ जुलैनंतर आलेले' एवढाच त्याचा अर्थ. मुख्य क्रियापद 'विल बी रिजेक्टेड', म्हणजे नाकारले जातील.

'बाय'ची आणखी एक ओळख करून घ्या. त्याच्या पुढे माणूस असेल तर 'कडून', आणि तारीख असेल तर 'पर्यंत'. 'बाय थर्टी-फर्स्ट जुलाय' म्हणजे उशिरात उशिरा ३१ जुलैपर्यंत. 'ऑन ऑर बिफोर' म्हणजे त्या दिवशी किंवा त्याआधी. 'अनलेस' या शब्दाच्या पोटात नकार असतो. 'द फॉर्म विल नॉट बी ॲक्सेप्टेड अनलेस इट इज साइन्ड.' सही असल्याशिवाय फॉर्म घेतला जाणार नाही. 'अनलेस'च्या पुढे आपण आणखी एक 'नॉट' घातला की अर्थ उलटतो.

मित्रांनो, अशी एक सूचना चुकीची वाचली गेली तर त्याची किंमत एका गुणाची नसते. जागा जाते, शिष्यवृत्ती राहून जाते, वर्ष वाया जाते. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी गोल आणि कंस करण्याची सवय लावा.

शब्दाच्या शेपटीत माणूस

शब्द पाठ करताना एकेकटा न करता त्याचे कुटुंब पाठ करा. 'एम्प्लॉय' म्हणजे नोकरीवर ठेवणे. 'एम्प्लॉयमेंट' म्हणजे नोकरी, रोजगार. 'अनएम्प्लॉयमेंट' म्हणजे बेकारी. 'एम्प्लॉयर' म्हणजे नोकरीवर ठेवणारा मालक आणि 'एम्प्लॉयी' म्हणजे नोकरीवर ठेवला गेलेला कामगार. एका शब्दाच्या ओळखीवर पाच शब्द घरात आले.

शेवटचे दोन पुन्हा पाहा. शेपटी 'अर' असली की बहुधा करणारा आणि शेपटी 'ई' असली की बहुधा ज्याच्या बाबतीत काम होते तो. 'पेयर' म्हणजे पैसे देणारा, 'पेयी' म्हणजे ज्याला पैसे मिळतात तो. 'नॉमिनी' म्हणजे ज्याचे नाव नेमून दिले तो. फॉर्मवर 'नेम ऑफ द एम्प्लॉयर' असे छापले असेल तर तिथे आपले नाव लिहायचे नाही, कंपनीचे किंवा मालकाचे लिहायचे. इथेही प्रश्न तोच आहे, कोणी आणि कोणाला.

प्रश्नपत्रिकेतले काही शब्दही असेच ओळखीचे करून ठेवा. 'स्टेट' म्हणजे थोडक्यात सांगा. 'एक्स्प्लेन' म्हणजे स्पष्ट करा. 'गिव्ह रीझन्स' म्हणजे कारणे द्या. 'डिस्टिंग्विश बिटवीन' म्हणजे दोहोंतला फरक लिहा. 'डू ॲज डायरेक्टेड' म्हणजे सूचनेप्रमाणे बदल करा. 'एनी थ्री' म्हणजे दिलेल्यांपैकी कोणतेही तीन. पाचही सोडवत बसलात तर वेळ जाईल. ही वाक्ये क्रियापदाने सुरू होतात, कारण ती आज्ञा आहेत. पहिल्या खुर्चीवरचा 'यू' अध्याहृत आहे. तो 'यू' म्हणजे तुम्हीच.

पालकांसाठी

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधी शिकलेल्या आई-वडिलांना इंग्रजी पाचवीत भेटले, कोणाला त्याहून उशिरा, तर कोणाला भेटलेच नाही. म्हणून मुलांच्या अभ्यासाकडे पाहायचे नाही असे करू नका. मुलाने इंग्रजी वाक्य वाचले की त्याला मराठीत दोनच प्रश्न विचारा, "कोणी केले? कोणाला केले?" त्याला उत्तर देता आले तर वाक्य समजले. अडखळला तर पुन्हा वाचायला सांगा. हे दोन प्रश्न विचारायला आपल्याला इंग्रजी यावेच लागते असे नाही.

थोड्या मोठ्या मुलांनी संविधानाची उद्देशिका इंग्रजीत समोर घ्यावी. ती संपूर्ण एकाच वाक्यात लिहिलेली आहे. सुरुवातीला कर्ता आहे, 'वुई'. मुख्य क्रियापदे मात्र पार शेवटाकडे आहेत, 'अडॉप्ट', 'एनॅक्ट' आणि 'गिव्ह'. त्यांच्या आधी २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख आहे. मधल्या साऱ्या मजकुराला कंस करा आणि पाहा, केवढे मोठे वाक्य किती सोपे होते ते. मग मराठी उद्देशिका शेजारी ठेवा. मराठीत 'संविधान' आधी येते आणि क्रियापदावर वाक्य संपते. इंग्रजीत क्रियापदे आधी येतात आणि संविधान हा शब्द सर्वांत शेवटी. आज आपण जो नियम पाहिला तोच तिथे आहे. आणि कोणी दिले, कोणाला दिले, हे विचारायला विसरू नका. देणारे आम्ही आणि घेणारेही आम्हीच.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचे इंग्रजी करा. उत्तरे खाली आहेत, पण आधी वहीत लिहा आणि मगच पाहा.

१. मिलिंदला गौतमीने शिकवले.
२. मला क्रिकेट आवडते.
३. तो काल शाळेत गेला नाही.
४. तिने आम्हाला सांगितले.
५. फॉर्मवर आईने सही केली. (फॉर्मपासून सुरुवात करा.)
६. जी मुले रोज वाचतात ती पास होतील.

उत्तरे: १. गौतमी टॉट मिलिंद. २. आय लाइक क्रिकेट. ३. ही डिड नॉट गो टू स्कूल यस्टरडे. ४. शी टोल्ड अस. ५. द फॉर्म वॉज साइन्ड बाय द मदर. ६. चिल्ड्रेन हू रीड एव्हरी डे विल पास.

पहिल्या वाक्यात ज्यांनी मिलिंदला पहिल्या खुर्चीवर बसवले असेल त्यांनी लेखाचा पहिला भाग पुन्हा वाचावा. सहाव्या वाक्यात कंस कुठे येतो ते घरच्यांना करून दाखवा.